लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचे व्हीबायोस बदलताना: थ्रॉटलिंग आवरण्यापासून ओव्हरक्लॉकिंगपर्यंत

गेम सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे सगळे सुरळीत चालते आणि मग फ्रेम एकदम निम्म्यावर येतात, अशी तक्रार (म्हणजे थ्रॉटलिंग, कार्डाने स्वतःच वेग कमी करणे) असलेल्या लॅपटॉपवर बहुतेक जण आधी ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग वाढवण्याचा, विचार करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. लॅपटॉपमधले ग्राफिक्स कार्ड क्वचितच क्लॉक (चिपच्या कामाचा वेग) अपुरा असल्यामुळे मागे पडते. ते मागे पडते ते उष्णता, वीज किंवा व्होल्टेज यांपैकी एखादी मर्यादा आड येते म्हणून. ती मर्यादा नेमकी कोणती, हे न पाहता फर्मवेअरमध्ये आकडे वाढवले, तर यंत्र अधिक तापते आणि वेग पूर्वीपेक्षाही खाली येतो. म्हणून या लेखात व्हीबायोस वाचणे, त्यात बदल करणे आणि ते परत लिहिणे हे सगळे सांगितले असले, तरी सर्वाधिक भर व्होल्टेज कमी करून क्लॉक स्थिर ठेवण्यावर दिला आहे.

व्हीबायोस म्हणजे ग्राफिक्स चिपचे स्वतःचे फर्मवेअर, यंत्रातच कायम साठवलेले मूळ सॉफ्टवेअर. कोणत्या क्लॉकला किती व्होल्टेज द्यायचे, एकूण किती वॅट खाऊ द्यायचे, किती तापमानाला वेग कमी करायचा आणि मेमरी कोणत्या टायमिंगवर चालवायची, याचे तक्ते त्यात असतात. ड्रायव्हर हे तक्ते वाचतो आणि त्यांच्या चौकटीतच काम करतो.

एनव्हिडियाच्या केप्लर आणि मॅक्सवेल पिढ्यांपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने ६००एम ते ९००एम मालिकांपर्यंत, हे तक्ते बदलता येतात. २०१६ साली आलेल्या पास्कल पिढीपासून व्हीबायोसवर डिजिटल सही असते आणि ती चिप स्वतः तपासते, त्यामुळे बदललेली फाइल चालत नाही. नव्या कार्डांसाठी वेगळा मार्ग आहे, तो शेवटी दिला आहे. पुढचे विवेचन जीटीएक्स ९७०एम हे कार्ड डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या या कार्डात जीएम२०४ ही चिप, १२८० कुडा कोअर, १९२ बिटची मेमरी बस, ९२४ मेगाहर्ट्झ बेस क्लॉक आणि १०३८ मेगाहर्ट्झ बूस्ट क्लॉक आहे. असे लॅपटॉप जुन्या बाजारात आजही मिळतात आणि त्यांची कार्डे बऱ्याचदा एमएक्सएम प्रकारची, म्हणजे काढता-घालता येणारी असतात, त्यामुळे शिकण्यासाठी ती सोयीची आहेत.

मर्यादा कोणती आड येते ते आधी पाहा

जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारे साधन उघडून सेन्सरच्या पानावर जा, नोंदी फाइलमध्ये साठवण्याची खूण करा आणि नेहमीचा गेम किमान अर्धा तास चालवा. पाच मिनिटांच्या चाचणीचा उपयोग नाही, कारण हीटपाइप आणि तांब्याची पट्टी पूर्ण तापायलाच तेवढा वेळ जातो. फरमार्कसारखी चाचणी या टप्प्यावर वापरू नये. ती चिपवर असा भार टाकते की जो कोणत्याही गेममध्ये येत नाही आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष दिशाभूल करतात.

नोंदींमध्ये 'परफॉर्मन्स कॅप रीझन' नावाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तेथे 'थर्मल' दिसले, तर तापमानाची मर्यादा आड आली. 'पॉवर' दिसले, तर वॅटची मर्यादा लागली. 'व्ही-रेल' किंवा 'व्ही-ऑप' दिसले, तर कार्ड आपल्या परवानगीच्या कमाल व्होल्टेजला पोहोचले आहे आणि त्यापुढे क्लॉक वाढवायला जागा नाही. हे निरोगी लक्षण आहे, तक्रारीचे नाही. 'युटिलायझेशन' दिसले, तर कार्डावर पुरेसे कामच येत नाही आणि अडथळा बहुधा प्रोसेसरकडे आहे. अशा वेळी व्हीबायोसला हात लावून काहीही साधणार नाही.

आणखी एक प्रकार ओळखून ठेवावा. रकान्यात ठळक कारण दिसत नसताना क्लॉक एकदम निष्क्रिय अवस्थेच्या पातळीपर्यंत कोसळतो, काही सेकंदांनी परत वर येतो आणि पुन्हा कोसळतो, असे होत असेल, तर संशय चार्जरवर घ्या. मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर (वीज, पंखे वगैरे सांभाळणारी छोटी चिप) चार्जरवरचा भार पाहून कार्डाला थेट ब्रेक लावू शकतो आणि हा ब्रेक व्हीबायोसच्या तक्त्यांना जुमानत नाही. चार्जरच्या पाठीवरचे आकडे गुणून पाहा: १९.५ व्होल्ट आणि ९.२३ अँपिअर म्हणजे १८० वॅट, तर १९.५ व्होल्ट आणि ६.१५ अँपिअर म्हणजे जेमतेम १२० वॅट. आय७-४७२०एचक्यू प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच ४७ वॅट आहे. त्यात स्क्रीन, डिस्क, पंखे आणि बॅटरीचे चार्जिंग धरले, की १२० वॅटमध्ये कार्डाच्या वाट्याला किती उरते ते कागदावर मांडता येते. मूळ चार्जरच्या जागी स्वस्तातला पर्यायी चार्जर आला असेल, तर आधी तो बदलावा.

फर्मवेअरच्या आधी करायची कामे

वॉरंटी संपलेल्या आणि कधीही न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये पेस्ट वाळून कडक झालेली असते आणि हीटसिंकच्या पात्यांमागे धुळीची नमद्यासारखी जाड गादी बसलेली असते. ती वरून फुंकर मारून निघत नाही. पंखा सोडवून, पाती आणि पंखा यांच्या फटीतून ती चिमट्याने काढावी लागते. नवी पेस्ट लावताना मेमरी चिप आणि मॉस्फेट (चिपला वीज पुरवणारे भाग) यांवरचे थर्मल पॅड फाटले असतील, तर त्याच जाडीचे नवे पॅड घ्या. जाडी चुकली, तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढते.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच हीटपाइपवर असतील, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० वरून ९९ टक्के करून पाहा. त्याने टर्बो (प्रोसेसरची आपोआप होणारी वेगवाढ) बंद होतो, प्रोसेसरची उष्णता लक्षणीय घटते आणि बऱ्याच गेममध्ये कार्डाला तेवढीच मोकळीक मिळते. एवढ्यावर थ्रॉटलिंग थांबले, तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही, आणि मी तरी तेथेच थांबेन.

परिसराचे तापमानही हिशेबात धरा. हीटसिंक हवेपेक्षा काही अंश वरच राहणार. जानेवारीत बसवलेली सेटिंग मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरला कूलर नसलेल्या खोलीत तशीच टिकेल, अशी अपेक्षा ठेवू नये. चाचणी हिवाळ्यात केली असेल, तर किमान १५ अंशांची जागा शिल्लक सोडा.

फाइल कुठे आहे ते शोधणे

जीपीयू-झेडच्या पहिल्या पानावर बायोसच्या आवृत्तीशेजारी बाणाचे चिन्ह असते. त्यावरून व्हीबायोस फाइलमध्ये साठवा. तेच काम एनव्हीफ्लॅश या व्हीबायोस वाचण्या-लिहिण्याच्या साधनाच्या 'सेव्ह' आदेशाने दुसऱ्यांदा करा. साधने दोन असल्यामुळे फाइलच्या शेवटच्या रिकाम्या भागात फरक पडू शकतो, म्हणून एकाच साधनाने दोन वेळा वाचून त्या दोन फाइलींचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) तंतोतंत जुळतात का, हे तपासा. जुळले नाहीत, तर वाचनातच गडबड आहे आणि पुढे जायचे नाही. मूळ फाइलच्या प्रती पेनड्राइव्हवर, फोनवर आणि ईमेलमध्ये ठेवा.

आता सर्वांत निर्णायक प्रश्न: हे फर्मवेअर कार्डाच्या स्वतःच्या ईईप्रॉम (वीज गेल्यावरही माहिती जपणाऱ्या) चिपमध्ये आहे, की लॅपटॉपच्या मुख्य बायोसमध्ये गुंडाळलेले आहे? एमएक्सएम कार्डांवर बहुधा स्वतंत्र, आठ पायांची चिप असते. मदरबोर्डवर डाखलेल्या अनेक जीटीएक्स ९६०एम कार्डांचे मात्र तसे नसते. तेथे लॅपटॉप सुरू होताना मुख्य बायोसच व्हीबायोस पुरवतो. एनव्हीफ्लॅशला ईईप्रॉम सापडत नाही, असा संदेश आला, तर तुमचा लॅपटॉप दुसऱ्या प्रकारचा आहे.

या दोहोंतला धोका सारखा नाही. स्वतंत्र चिप असलेल्या ऑप्टिमस (इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन्ही ग्राफिक्स वापरणाऱ्या) लॅपटॉपमध्ये स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते, त्यामुळे व्हीबायोस बिघडले तरी लॅपटॉप सुरू होतो आणि मूळ फाइल परत लिहिता येते. मुख्य बायोसमध्ये गुंडाळलेले व्हीबायोस बदलायचे, तर यूईएफआयटूल या बायोस फाइल उलगडणाऱ्या साधनाने त्यातला नेमका विभाग शोधावा लागतो (जीटीएक्स ९६०एम असेल, तर १०डीई हा विक्रेता क्रमांक आणि १३९बी हा डिव्हाइस क्रमांक शोधताना उपयोगी पडतात), तो बदलून पूर्ण बायोस प्रोग्रॅमरने (चिपला बाहेरून जोडून लिहिणाऱ्या उपकरणाने) लिहावे लागते, आणि इंटेल बूट गार्ड (सुरू होताना बायोसची सही तपासणारी सोय) किंवा उत्पादकाची स्वतःची तपासणी चालू असेल, तर त्यानंतर लॅपटॉप सुरूच होत नाही. ज्यांच्याकडे प्रोग्रॅमर नाही आणि तो वापरण्याचा सराव नाही, त्यांनी या दुसऱ्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

तक्त्यांमध्ये काय बदलायचे

मॅक्सवेल कार्डासाठी 'मॅक्सवेल टू बायोस ट्वीकर' आणि केप्लर कार्डासाठी 'केप्लर बायोस ट्वीकर' ही साधने वापरली जातात. फाइल साठवताना चेकसम (फाइल शाबूत आहे का हे तपासण्याचा आकडा) दुरुस्त करण्याचे काम ती स्वतः करतात. पंख्याचे पान सोडून द्या. लॅपटॉपचा पंखा एम्बेडेड कंट्रोलर चालवतो, त्यामुळे व्हीबायोसमधले पंख्याचे आकडे बदलून काहीच होत नाही.

उष्णता आणि व्होल्टेज यांचे नाते समजले, की बाकीचे तक्ते आपोआप उलगडतात. चिपची चालती वीज क्लॉकच्या सम प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा कार्ड १०३८ मेगाहर्ट्झला १.०५ व्होल्टवर चालते आहे. ते १२०० मेगाहर्ट्झवर नेण्यासाठी व्होल्टेज १.१० करावे लागले, तर क्लॉकमुळे सुमारे १५.६ टक्के आणि व्होल्टेजमुळे सुमारे ९.८ टक्के, मिळून जवळजवळ २७ टक्के अधिक वीज लागते. उलट, तोच १०३८ मेगाहर्ट्झचा क्लॉक ०.९५ व्होल्टवर टिकला, तर वीज सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. तापमानाच्या भिंतीवर आदळणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे १८ टक्के फार मोलाचे आहेत, कारण कागदावरचा बूस्ट क्लॉक त्यामुळे शेवटपर्यंत प्रत्यक्ष टिकतो.

म्हणून पहिला बदल व्होल्टेजच्या तक्त्यात करा. त्यातल्या सुरुवातीच्या ओळी एकूण मर्यादा सांगतात आणि पुढच्या ओळी बूस्ट तक्त्यातल्या एकेका क्लॉकला लागणाऱ्या व्होल्टेजची पट्टी सांगतात. बूस्ट तक्त्यातल्या पायऱ्या साधारण १३ मेगाहर्ट्झच्या असतात. तुम्हाला जो क्लॉक कायम हवा आहे, त्याची ओळ शोधा, तिचे आणि तिच्याहून जास्त क्लॉकच्या ओळींचे व्होल्टेज एका वेळी १२.५ मिलिव्होल्टने खाली आणा आणि बूस्टची कमाल मर्यादा त्याच क्लॉकवर ठेवा. एकदम ५० मिलिव्होल्ट उतरवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक चिपची सहनशक्ती निराळी असते आणि दुसऱ्याच्या कार्डावर टिकलेला आकडा तुमच्या कार्डावर टिकेलच असे नाही. कमी क्लॉकच्या ओळींना हात लावू नका. तेथले व्होल्टेज आधीच कमी असते आणि डेस्कटॉपवर नुसते बसलेले असताना लॅपटॉप हँग होण्याचे कारण बऱ्याचदा तेथेच सापडते.

पॉवरच्या तक्त्यात किमान, नेहमीची आणि कमाल अशा तीन मर्यादा मिलिवॅटमध्ये असतात. नोंदींमध्ये 'पॉवर' हेच कारण वारंवार आले असेल, चिपचे तापमान ८० अंशांच्या आत असेल आणि चार्जरकडे जागा शिल्लक असेल, तरच ही मर्यादा वाढवा, आणि तीही १० टक्क्यांहून अधिक नको. याचे कारण सेन्सरमध्ये दिसत नाही: जीपीयू-झेड दाखवते ते चिपचे तापमान. चिपला वीज पुरवणाऱ्या मॉस्फेटचे तापमान अशा लॅपटॉपवर सहसा कुठेच दिसत नाही. चिप ७५ अंशांवर निवांत दिसत असताना शेजारचा मॉस्फेट शंभरी ओलांडून गेलेला असू शकतो, आणि तो जळाला, तर कार्डही जाते आणि कधीकधी मदरबोर्डही.

तापमानाची मर्यादा वाढवण्याची सोय असली, तरी ती मी वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. ती मर्यादा सोल्डर, पॅड आणि शेजारची बॅटरी या सगळ्यांचे रक्षण करते.

ओव्हरक्लॉकिंग याच्यानंतर येते. मॅक्सवेलच्या लॅपटॉप कार्डांवर सॉफ्टवेअरमधून वाढीची मर्यादा अधिक १३५ मेगाहर्ट्झ अशी असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये तर एनव्हिडियाने ९००एम मालिकेचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधूनच बंद केले होते आणि वापरकर्त्यांनी जोरदार हरकत घेतल्यावर पुढच्या महिन्यात ते परत दिले. व्हीबायोसमधले बेस आणि बूस्ट क्लॉक बदलले, की या मर्यादेचा प्रश्न राहत नाही. पण फाइलमध्ये लिहिण्यापूर्वी तोच क्लॉक एमएसआय आफ्टरबर्नर या क्लॉक बदलण्याच्या सॉफ्टवेअरमधून आठवडाभर वापरून पाहा. मेमरीचा क्लॉक वाढवताना चित्रात ठिपके दिसत नाहीत म्हणून तो स्थिर आहे असे समजू नका. जीडीडीआर५ मेमरीत चूक ओळखून माहिती पुन्हा पाठवण्याची सोय असते, त्यामुळे क्लॉक जरा जास्त झाला तर चित्र बिघडण्याआधी वेगच घटू लागतो. प्रत्येक वाढीनंतर युनिजिन हेवनसारखी चाचणी चालवा आणि गुण वाढायचे थांबले, की दोन पायऱ्या मागे या.

लिहिण्याची क्रिया

बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर जोडलेला असावा. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात तर बॅटरी अशक्त असताना हे काम मुळीच करू नये. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करण्याचे संरक्षण) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि संरक्षण तात्पुरते थांबवा. जीपीयू-झेड, आफ्टरबर्नर आणि पार्श्वभूमीवर चालणारे सगळे बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचे कार्ड 'डिसेबल' करा. ऑप्टिमस लॅपटॉपवर स्क्रीन क्षणभर लुकलुकेल आणि इंटेलवर चालू राहील.

प्रशासकीय अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून एनव्हीफ्लॅशच्या 'लिस्ट' आदेशाने यादीत तुमचेच कार्ड दिसते आहे ना, ते पाहा. जीटीएक्स ९७०एमचा डिव्हाइस क्रमांक १३डी८ असतो. त्यानंतर 'प्रोटेक्ट-ऑफ' आदेशाने लेखनसंरक्षण काढा आणि बदललेली फाइल लिहा. मूळ एनव्हीफ्लॅश बदललेली फाइल नाकारते, म्हणून मॅक्सवेलसाठी प्रमाणपत्राची तपासणी वगळलेली आवृत्ती लागते. ती डाउनलोड केल्यावर अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय चालवू नका. फाइलमधला आणि कार्डावरचा क्रमांक जुळत नाही, अशी सूचना आली, तर होकार देऊ नका. स्वतःच्याच कार्डावरून काढलेल्या फाइलला अशी सूचना येण्याचे कारण नाही. ती आली म्हणजे फाइल चुकीची आहे.

लेखन पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत कशालाही हात लावू नये. मग 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नाही, कारण विंडोजचे फास्ट स्टार्टअप जुनी अवस्था जपून ठेवते. परत आल्यावर कार्ड 'एनेबल' करा आणि जीपीयू-झेडमध्ये नवे क्लॉक दिसतात का, ते पाहा.

चाचणीचे वेळापत्रक साधे ठेवा: आधी हेवन अर्धा तास, मग दोन वेगळ्या इंजिनांवरचे गेम, मग झोपेतून उठवणे, चार्जर काढणे आणि परत लावणे. व्होल्टेज कमी पडते तेव्हा स्क्रीन दोनेक सेकंद गोठते आणि डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवल्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ या क्रमांकाने येते. ती एकदा जरी दिसली, तरी व्होल्टेज एक पायरी वर न्या. अशी नोंद योगायोग म्हणून सोडून देऊ नका.

बिघडले तर

ऑप्टिमस लॅपटॉपवर कार्ड पुन्हा डिसेबल करून मूळ फाइल लिहिली, की काम होते. ज्या लॅपटॉपची स्क्रीन थेट एनव्हिडियाला जोडलेली असते, म्हणजे जी-सिंक असलेले अनेक मॉडेल, तेथे मात्र काळ्या स्क्रीनशी गाठ पडते. अशा यंत्रावर काम करण्याआधी सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप घरात असली पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत अशी सामग्री मिळते. क्लिप लावण्याआधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. चिपच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पहिला पाय आणि क्लिपची लाल तार त्याच बाजूला येते. चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचून तिच्या डेटाशीटमध्ये व्होल्टेज बघा: काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, तर काही १.८ व्होल्टच्या, आणि दुसऱ्या प्रकाराला अडॅप्टर न लावता क्लिप लावली, तर चिप मरते. आधी दोनदा वाचा, दोन्ही वाचने जुळवा, मगच पुसा, लिहा आणि पडताळा.

पास्कल आणि त्यापुढची कार्डे

जीटीएक्स १०६० पासून आरटीएक्स मालिकेपर्यंत तक्त्यांना हात लावता येत नसला, तरी वरचा मुख्य लाभ सॉफ्टवेअरमधून मिळतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ ही कळ दाबली, की व्होल्टेज आणि क्लॉक यांची वक्ररेषा उघडते. आधी कोअर क्लॉक उणे करून पूर्ण रेषा खाली उतरवा, मग ८५० मिलिव्होल्टजवळचा एक बिंदू हव्या त्या क्लॉकपर्यंत उचला आणि 'अप्लाय' करा. त्याच्या उजवीकडचे बिंदू त्याच उंचीवर सपाट होतात आणि कार्ड त्या व्होल्टेजच्या वर जात नाही. पुढची वाट तीच: अर्धा तास भार, नोंद, एक पायरी खाली, पुन्हा भार. सेटिंग स्थिर ठरल्यावरच ती विंडोजबरोबर सुरू होण्याची खूण करा.

आरटीएक्स २०६० किंवा २०७० च्या मॅक्स-क्यू (पातळ लॅपटॉपसाठी कमी वॅटवर बांधलेल्या कार्डाच्या) लॅपटॉपवर त्याच चिपचे जास्त वॅटचे, सहीसकट असलेले व्हीबायोस लिहिण्याचा प्रकारही चालतो. सही खरी असल्यामुळे चिप ते स्वीकारते. पण २०७० मॅक्स-क्यूची मर्यादा ८० ते ९० वॅट आणि साध्या २०७० ची ११५ वॅट आहे. तेवढ्या फरकासाठी मॉस्फेट, हीटसिंक आणि चार्जर बदललेले नसतात. शिवाय दुसऱ्या लॅपटॉपमधल्या डिस्प्ले जोडण्या निराळ्या असल्या, तर एचडीएमआय किंवा बाहेरचा मॉनिटर बंद पडतो. हे करायचेच असेल, तर फाइल त्याच उत्पादकाच्या, त्याच मदरबोर्ड वापरणाऱ्या मॉडेलची घ्या, मूळ फाइल आधी प्रोग्रॅमरने वाचून ठेवा आणि पहिल्या चाचणीच्या वेळी लॅपटॉपचा तळ उघडा ठेवून मॉस्फेटजवळ थर्मोकपल लावा, कारण तेथले तापमान कळण्याचा दुसरा मार्ग नाही.